रणजी प्रशिक्षकाचे काम आकड्यांनी कसे जोखावे

जून 2022 मध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरूला मुंबईवर सहा गडी राखून मात केली, आणि इंदूरच्या जुन्या होळकर संघाच्या चौथ्या विजेतेपदानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी रणजी करंडक इंदूरला परतला. या यशाचे श्रेय प्रामुख्याने प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांना दिले जाते. त्याआधी विदर्भाने त्यांच्याच मार्गदर्शनाखाली आपले पहिले विजेतेपद मिळवले होते, तेही आमच्याच होळकर स्टेडियमवर. परंतु प्रशिक्षकाचा वाटा किती आणि खेळाडूंच्या अंगच्या गुणांचा किती, हे केवळ करंडक मोजून कळत नाही. त्यासाठी संघाच्या कुवतीनुसार किती गुण अपेक्षित होते ते आधी ठरवावे आणि मग प्रत्यक्ष गुणांशी त्यांची तुलना करावी.

सर्वांत जास्त काळजी कुवत मोजताना घ्यावी लागते. खेळाडूची कामगिरी प्रशिक्षक येण्यापूर्वीच्या तीन हंगामांतलीच घ्यावी. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सुधारलेली सरासरी आपण ‘कुवत’ म्हणून धरली, तर त्याने केलेले कामच हिशेबातून वजा होते आणि उत्तम प्रशिक्षकही सामान्य दिसू लागतो. ही चूक सहज होते आणि नंतर शोधूनही सापडत नाही.

थोड्या डावांवरची सरासरी जशीच्या तशी घेऊ नये. समजा, स्पर्धेची सर्वसाधारण सरासरी 30 आहे. प्रत्येक फलंदाजाच्या खात्यात या सरासरीचे 20 काल्पनिक डाव मिळवावेत. मग 10 डावांत 50 ची सरासरी असलेला तरुण सुमारे 37 वर येतो, तर 60 डावांत 45 ची सरासरी राखणारा अनुभवी फलंदाज 41 च्या आसपास राहतो. या दोघांत अधिक भरवशाचा कोण, हे आता आकडेच सांगतात. गोलंदाजांना हीच रीत लावावी; तेथे मात्र सरासरी जितकी कमी तितकी चांगली. मग पहिल्या सात फलंदाजांच्या सरासरीतून गोलंदाजांची सरासरी वजा केली की संघाची कुवत एका आकड्यात मिळते.

हा आकडा त्या दिवशी मैदानात उतरलेल्या अकरा जणांचाच असावा. 2022 च्या अंतिम सामन्यात आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघासोबत असल्याने मध्य प्रदेशाकडून खेळले नव्हते; त्यांना यादीत धरले तर संघ उगाच बलाढ्य ठरतो आणि प्रशिक्षकावर अन्याय होतो.

यानंतर अनेक हंगामांतील सर्व संघांचे सामने एका शीटमध्ये घ्यावेत. एका स्तंभात दोन्ही संघांच्या कुवतीतील फरक आणि दुसऱ्यात मिळालेले गुण लिहावेत: निर्णायक विजयाला 6, डावाने किंवा दहा गडी राखून विजय मिळाल्यास 7, अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीला 3 आणि पिछाडीला 1. बाद फेरीत गुण नसतात, तरी मोजणीसाठी तेथेही हेच लावावेत. शीटमधील ‘स्लोप’ (कुवतीतील फरक एकाने वाढला की गुण किती वाढतात) आणि ‘इंटरसेप्ट’ (फरक शून्य असताना किती गुण अपेक्षित) या सूत्रांनी प्रत्येक सामन्याचे अपेक्षित गुण निघतात. प्रत्यक्ष गुणांतून ते वजा केल्यावर जे उरते, त्यातच प्रशिक्षकाचा वाटा शोधायचा असतो.

मात्र त्या उरलेल्यात नशीबही मिसळलेले असते. नाणेफेक, पाऊस, ओलसर खेळपट्टी, सारेच तेथे येते. एका सामन्यातील गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे अपेक्षेपासून सर्वसाधारणपणे होणारी चढउतार, 2.5 धरले, तर सात सामन्यांच्या बेरजेत ते सुमारे 6.6 होते, म्हणजे एका हंगामात अपेक्षेपेक्षा 5 गुण जास्त मिळाले तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. 2021-22 मध्ये तर साखळीत तीनच सामने होते, आणि केरळाइतकेच 14 गुण असताना मध्य प्रदेश सरस ‘क्वोशंट’मुळे (प्रति गडी केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या गुणोत्तरामुळे) बाद फेरीत पोहोचला होता. म्हणून किमान तीन-चार हंगाम एकत्र घ्यावेत. तोच प्रशिक्षक दुसऱ्या संघाकडे गेला असेल, तर तेथील आकडे वेगळे काढून ताडून पाहावेत. दोन्हीकडे उरलेले गुण वरच्या बाजूला असतील, तर त्या पुराव्याला खरे वजन आहे.

नवोदितांना रणजीचा पूर्वेतिहास नसतो. त्यांच्यासाठी 23 वर्षांखालील सी. के. नायडू ट्रॉफीतील कामगिरी घ्यावी, पण काल्पनिक डावांची संख्या दुप्पट करावी. या मुलांची आकडेवारी स्वतंत्र पानावर ठेवून दरवर्षी पुन्हा तपासावी, कारण प्रशिक्षकाने घडवलेला खेळाडू सर्वांत आधी त्याच पानावर दिसतो.