आधी माणूस, मग ॲक्टिव्हिटी: मानसोपचार वॉर्डात गट कसे लावावेत

ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार, शिकणारी मुलं वॉर्डात पोस्टिंगला आली की विचारतात, "मॅडम, आज कुठली ॲक्टिव्हिटी घ्यायची?" मी उलट विचारते, "बसणार कोण आहे?" शेजारी माणूस बसलेला त्याला किती वेळ सोसतो, हे कळल्याशिवाय मी सामान काढत नाही.

ॲन मोसी या अमेरिकन थेरपिस्टने १९७०च्या सुमारास गटात वावरण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या. मी आजही त्याच धरून चालते.

पहिली पायरी समांतर गटाची. माझ्याकडे ती मेथीने सुरू होते. टेबलाभोवती सहा जण, प्रत्येकापुढे आपली जुडी, आपली ताटली. बोलायची सक्ती नाही. तीन आठवडे तोंडातून शब्द न काढलेल्या एका काकांनी एके दिवशी आपले देठ उचलून शेजाऱ्याच्या देठांच्या ढिगात टाकले. मला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना पुढच्या गटात घेतलं.

तो गट लिफाफ्यांचा. काम छोटं, दोघांत वाटलेलं. खळीची वाटी दोघांत एकच ठेवा, मुद्दाम. "खळ दे" म्हणावंच लागतं, आणि ते म्हणणं हीच इथली थेरपी आहे. कात्र्या मात्र देताना मोजा, परत घेताना मोजा. आकडा जुळेपर्यंत कुणीही खोलीबाहेर जात नाही.

तिसऱ्या पायरीवर गट स्वतः ठरवतो. आठ जणांचे पोहे करायचे, तर पोहे किती, कांदे कोण चिरणार, पैसे किती लागतील? तुम्ही दाराशी उभं राहा. मीठ जास्त पडलं तरी हात घालू नका. पुरुषांनाही ओट्याशी उभं करा, घरी गेल्यावर जेवायचं त्यांनाही असतं.

मन मोकळं करायचे गट चौथ्या पायरीवर येतात, आणि गट स्वतःच स्वतःला सांभाळतो ती पाचवी. तिथवर फार थोडे पोचतात. घाई करू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या एका तरुणाला दाखल झाल्या झाल्या गोलात बसवून "कसं वाटतंय?" विचारलं. तो उठून गेला आणि आठ दिवस खोलीकडे फिरकला नाही. ती चूक माझी होती, अजून बोचते.

औषधं पाहिल्याशिवाय सामान ठरवू नका. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाने हात थरथरू शकतात, म्हणून बारीक सुई नको, जाड दाभण आणि गोणपाट द्या. बागकाम सकाळी लवकर घ्या. काही औषधांनी कातडी उन्हाने लगेच भाजते, आणि लिथियमवरच्या माणसाला घामाघूम होऊ देणं धोक्याचं असतं. पाण्याचा तांब्या जवळ हवाच. उन्मादातल्या माणसाला अंताक्षरीची चढाओढ नको, ठरलेल्या मापाचं काम द्या. नैराश्यातल्याला एका बैठकीत पुरं होऊन डोळ्यांना दिसेल असं काही द्या.

पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा. "आज काय जमलं? घरी हे कुठे लागेल?" एवढंच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

मग फाइल. "सहभाग चांगला" असं लिहू नका. "दोनदा खळ मागितली, एकदा न मागता पुढे केली," असं लिहा. उद्या त्याला कुठल्या टेबलाशी बसवायचं, ते त्यावरून ठरतं.