सरकारी न्यूजलेटरला ईमेल देताना काय बघायचं, आणि नंतर आपलं नाव कसं काढून घ्यायचं

मागच्या पावसाळ्यात आमच्या परळच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी मला मोबाईल आणून दाखवला, एका सरकारी कार्यालयाचं महिन्याचं माहितीपत्र ईमेलवर आलं होतं आणि वरती 'टू'च्या जागी सगळ्यांचे पत्ते उघडे, मी बोटाने वर सरकवतोय सरकवतोय तरी संपेनात. बऱ्याच पत्त्यांत आडनाव आणि जन्मसाल जोडलेलं, म्हणजे नुसतं वाचूनच माणूस कोण आणि वय काय ते कळावं. दोन जणांनी 'रिप्लाय ऑल' करून "माझं नाव काढा" लिहिलं होतं, ते पण सगळ्यांना गेलं. पुढच्या आठवड्यापासून काकूंना कर्जतच्या प्लॉटचे मेल यायला लागले. ते तिथूनच आले हे सिद्ध करता येणार नाही, पण काकूंनी तो पत्ता दुसरीकडे कुठेच दिला नव्हता, लेकीने खास या कामासाठी काढून दिला होता.

मी स्वतः काही वर्षं अंधेरीत बल्क मेल पाठवायचं काम केलंय, त्यामुळे आत काय चालतं ते माहितीये. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण न्यूजलेटर घेऊ नका असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पाणीकपात, लसीकरण, म्युझियमचे कार्यक्रम, विद्यापीठाच्या तारखा, हे सगळं घरबसल्या कळणं चांगलंच आहे, फक्त पत्ता देताना आणि परत घेताना काय करायचं ते माहीत पाहिजे.

सगळ्यात आधी फॉर्म बघा. न्यूजलेटर पाठवायला लागतो फक्त ईमेल पत्ता, फार तर भाषा कुठली पाहिजे ते. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर, जन्मतारीख, पिनकोड, व्यवसाय असं विचारलं असेल तर लाल चांदणी (म्हणजे भरणं सक्तीचं असल्याची खूण) कुठल्या रकान्याला आहे ते बघायचं आणि चांदणी नसलेला प्रत्येक रकाना रिकामा सोडायचा. जन्मतारखेलाच चांदणी असेल तर मी तरी तो फॉर्म भरत नाही, त्याच कार्यालयाच्या वेबसाईटवर ती माहिती बहुतेक वेळा असतेच, तिथे जाऊन वाचतो. आणि आधार नंबर न्यूजलेटरसाठी कुणीही मागितला तर पान बंद करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मग पानाच्या अगदी तळाला 'गोपनीयता धोरण' नावाची बारीक लिंक असते ती उघडा. सरकारी वेबसाईटसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात असं धोरण ठेवायला सांगितलेलंच आहे, त्यामुळे पान सापडतं, पण बरेचदा आत एकच छापील मजकूर असतो की आम्ही तुमची माहिती कुणाला विकत नाही. तेवढं पुरत नाही. मला त्यात चार गोष्टी पाहिजे असतात: यादी कुणाच्या ताब्यात आहे, मेल प्रत्यक्षात कोण पाठवतं, नाव काढल्यावर पत्ता किती दिवस राहतो, आणि तक्रार कुणाकडे करायची. यातली दुसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण बरीच कार्यालयं स्वतः मेल पाठवत नाहीत, ते काम एजन्सीला देतात, एजन्सी यादी मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीकडे चढवते, आणि या प्रवासात यादीची एक्सेल फाईल तीन-चार लॅपटॉपवर राहून जाते. मी हे डोळ्यांनी बघितलंय. काम संपलं, कंत्राट संपलं, पण डाउनलोड फोल्डरमध्ये फाईल तशीच. कुणाचा वाईट हेतू नसतो, पण ती पुसायची आठवण कुणाच्याच कामात लिहिलेली नसते.

मेल कोण पाठवतंय हे तुम्ही स्वतः पण बघू शकता. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली छोटा बाण असतो, कॉम्प्युटरवर तो दाबला की 'मेल्ड बाय' (मेल कुणाच्या सर्व्हरवरून आला) आणि 'साइन्ड बाय' (त्यावर डिजिटल सही कुणाची) असं दिसतं. नाव सरकारी, शेवटी जीओव्ही डॉट इन, पण 'मेल्ड बाय'मध्ये भलत्याच कंपनीचं नाव असेल तर मध्ये एजन्सी आहे हे समजायचं. ते बेकायदेशीर नाही, पण धोरणात त्याचा उल्लेख हवा. आणि 'साइन्ड बाय'मध्ये सरकारी नाव नसेल, वर मेलमध्ये पैसे किंवा ओटीपी मागितलाय, तर तो मेल सरकारचा नाहीच असं धरून चाला.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बऱ्याच न्यूजलेटरमध्ये एका ठिपक्याएवढं, दिसणारही नाही असं चित्र असतं, तुम्ही मेल उघडला की ते चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि कोणी किती वाजता मेल उघडला त्याची नोंद होते. लिंकच्या मागे लांबलचक अक्षरं-आकडे असतात ते पण बहुधा त्यासाठीच, कोणी कशावर क्लिक केलं ते कळावं म्हणून. दुकानदाराने हे केलं तर एक वेळ ठीक, पण गर्भवती महिलांच्या योजनेची किंवा क्षयरोगाच्या उपचाराची लिंक कोणी उघडली हे सरकारी यादीत नावासकट नोंदवलं जाणं मला पटत नाही. यावर उपाय सोपा आहे. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'जनरल'मध्ये 'इमेजेस' आहे, तिथे बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा असा पर्याय निवडून खाली सेव्ह करायचं. लिंकवर क्लिक करण्याऐवजी थेट त्या कार्यालयाच्या वेबसाईटवर जायचं. आणि जीमेलचा पत्ता देताना ॲटच्या चिन्हाच्या आधी अधिकचं चिन्ह टाकून एखादा शब्द जोडायचा, म्हणजे तुमच्या नावापुढे 'प्लस पालिका' किंवा 'प्लस म्युझियम'. मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो, पण उद्या त्या पत्त्यावर प्लॉटवाल्याचा मेल आला की यादी कुठून फुटली ते कळतं. काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, तिथे काकूंच्या लेकीसारखा वेगळा पत्ताच काढा.

आता कायद्याचं, कारण इथे लोक चुकतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५मध्ये. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण बोर्डाचा भाग लगेच लागू झाला पण संमती, नोटीस, आपले हक्क हा भाग १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून. त्यात आपल्या कामाचं बरंच आहे: माहिती कशासाठी घेताय याची नोटीस द्यावी लागेल, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणं सोपं पाहिजे. नाव नोंदवायला एक क्लिक आणि काढायला कार्यालयात या, हे मग चालणार नाही.

पण एक मेख आहे. 'माझी माहिती पुसून टाका' हा जो हक्क कायद्यात दिलाय तो सरकार आणि सरकारी संस्थांना लागू नाही, कलम १७मध्ये त्यांना त्यातून सूट आहे. संमती मागे घेण्याच्या हक्कातून मात्र ती सूट नाहीये, संमती मागे घेतली की वाजवी वेळेत वापर थांबवायचा, एजन्सीलाही थांबवायला लावायचं, आणि कायद्याच्या व्याख्येत माहिती नुसती साठवून ठेवणं हाही वापरच आहे. म्हणून पत्रात 'डिलीट करा' एवढंच लिहू नका, 'संमती मागे घेत आहे' हे शब्द घाला. माझ्या मते या शब्दांवरच तुमचं पत्र टिकतं किंवा बाजूला पडतं.

आधी अर्थातच मेलच्या तळाची 'अनसबस्क्राईब' लिंक वापरा, पाठवणारा खरा आहे याची खात्री करून. त्याने झालं तर उत्तम, मात्र तेव्हा पत्ता बहुतेक वेळा पुसला जात नाही, 'यांना पाठवू नये' अशा दुसऱ्या यादीत जातो, ते समजण्यासारखं आहे, नाहीतर पुढच्या वेळी चुकून परत जोडला जाईल. लिंक चालत नसेल किंवा मेल येतच राहिले तर धोरणात दिलेल्या पत्त्यावर, नसेल तर कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवर, ज्या पत्त्याने नोंदणी केली होती त्यावरूनच हे पाठवा:

"महोदय/महोदया, मी या ईमेल पत्त्याने आपल्या न्यूजलेटरसाठी नोंदणी केली होती. ती संमती मी आज मागे घेत आहे, यापुढे माझ्या माहितीच्या कोणत्याही वापरास माझी संमती नाही. कृपया माझा पत्ता आपल्या व आपल्या वतीने मेल पाठवणाऱ्या संस्थेच्या यादीतून काढावा, माझी कोणती माहिती आपल्याकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली ते कळवावं, व कार्यवाही झाल्याचं लेखी उत्तर द्यावं."

ओळखपत्राची झेरॉक्स जोडू नका, मागितली तरी आधी विचारा की एका ईमेलसाठी कशाला. मे २०२७ यायच्या आधी लिहीत असाल तर २४ ऑगस्ट २०१७चा सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींचा पुट्टास्वामी निकाल लिहा, खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय आणि तो सरकारवर आजच बंधनकारक आहे.

उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहेच, आणि सरकारी संस्था असण्याचा हा आपल्याला फायदा आहे, खासगी कंपनीला असं विचारता येत नाही. राज्याच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयाला जोडपत्र 'अ'मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, त्यामुळे कैफियत लिहू नका, मुद्दे लिहा: न्यूजलेटर पाठवण्याचं काम कोणत्या संस्थेला दिलं त्या कार्यादेशाची प्रत, करारातल्या माहितीच्या गोपनीयतेच्या अटी, यादी किती काळ ठेवायची याबद्दलचा आदेश किंवा परिपत्रक. 'का' असं विचारू नका, कागद मागा. यादी मात्र मागू नका, इतरांची वैयक्तिक माहिती मिळणार नाही आणि मिळूही नये. ३० दिवसांत उत्तर नाही तर जोडपत्र 'ब'मध्ये पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. केंद्राचं कार्यालय असेल तर केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाईन होतं. नवा भाग लागू झाला की आधी त्या कार्यालयाच्या तक्रार व्यवस्थेकडे आणि तिथे दाद नाही मिळाली तर डेटा संरक्षण बोर्डाकडे जाता येईल, हा क्रम सोडून थेट बोर्डाकडे जाता येत नाही.

बाहेरच्या देशात शिकायला जायचं म्हणून बरीच मुलं युरोपियन युनियनच्या संस्थांची न्यूजलेटर घेतात, माझा भाचाही घेतो. त्यांना २०१८चा १७२५ क्रमांकाचा वेगळा नियम आहे, खास त्या संस्थांसाठीच, आणि तुम्ही दादरला राहता की ब्रसेल्सला याने त्यात फरक पडत नाही. माहिती मागितली की साधारण एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं, पुसायचा हक्क तिथे सरकारी संस्थेविरुद्धही आहे, आणि तक्रारीला युरोपियन डेटा प्रोटेक्शन सुपरवायझर नावाची स्वतंत्र संस्था आहे. भाच्याने सहज म्हणून एकाचं गोपनीयता निवेदन उघडलं तर मी वर म्हटलेल्या चारही गोष्टी त्यात नीट लिहिलेल्या होत्या. आपल्याकडेही असं एक पान लिहिणं काही अवघड नाही.

आणि तुम्ही स्वतः अशा कार्यालयात न्यूजलेटर बघत असाल तर, सगळे पत्ते 'बीसीसी'त (तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत) टाका म्हणून सांगणार होतो, पण खरं तर हाताने पाठवूच नका, यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा म्हणजे प्रत्येकाला सुटा मेल जातो. नोंदणीनंतर "ही नोंदणी तुम्हीच केली ना" असा एक मेल जाऊ द्या. एक्सेल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. आणि चूक झालीच तर ज्यांचे पत्ते उघडे पडले त्यांना त्याच दिवशी सांगा. काकूंना त्या कार्यालयाकडून माफीची एक ओळ आली असती तरी त्यांनी ते माहितीपत्र चालू ठेवलं असतं, त्यातलं आरोग्य शिबिरांचं पान त्या दर महिन्याला फ्रीजवर लावायच्या.