ट्रस्टच्या करकामात यायचंय? आधी प्रोसिडिंग बुक उघडा

एलएलबी झालेली मुलं हमखास विचारतात, "टॅक्समध्ये यायचंय, पण सीएंनी सगळं व्यापलंय. आम्हाला उरलंय काय?" प्रश्न रास्त आहे. रिटर्न आणि ऑडिट त्यांचंच, ट्रायब्युनलपुढेही ते उभे राहू शकतात. हायकोर्टात मात्र वकिलीची सनद लागते. माझ्या मते वकिलाला खरा वाव आहे तो सार्वजनिक ट्रस्ट आणि कंपन्यांच्या पेन्शन फंडांच्या कामात. इथे कराचं भांडण बहुधा ट्रस्ट डीडमधल्या (विश्वस्तपत्रातल्या) एखाद्या ओळीवरून किंवा न झालेल्या ठरावावरून पेटतं, आणि कागद वाचणं हा आपला धंदा आहे.

तालुक्याच्या गावातली एखादी शिक्षण संस्था धरा. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या ८०जीच्या, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या मान्यतेच्या, नूतनीकरणासाठी येते. तुम्ही चॅरिटीतल्या, म्हणजे धर्मादाय आयुक्त कार्यालयातल्या, शेड्यूल वनचा (ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा मागता, तर अध्यक्ष म्हणून अजून वारलेल्या गृहस्थांचंच नाव! महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तिथे चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यायचा असतो. दिलेला असतो, पण भाऊबंदकीत कुणीतरी हरकत घेतलेली असते. तो लोंबकळला की पुढच्या निवडणुकीचा रिपोर्टही त्याच्यामागे लोंबकळतो. आता प्राप्तिकराच्या अर्जावर सही कुणाची? निवडणुकीची नोटीस, सभेची हजेरी, प्रोसिडिंग बुकातलं इतिवृत्त, चॅरिटीतल्या प्रलंबित रिपोर्टची पोच असं सगळं लावून तुम्हाला पटवून द्यावं लागतं की सध्याचे पदाधिकारी हेच. या कामात दोन-दोन महिने जातात आणि त्याच कायद्यातलं कलम ११, म्हणजे ट्रस्टच्या उत्पन्नाची करसवलत, उघडायची वेळही येत नाही.

उघडलं की पहिला हिशेब ८५ टक्क्यांचा. उत्पन्न ४० लाख असेल तर ३४ लाख उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवेत. २५ लाखच झाले, तर उरलेले ९ लाख ठरावीक कामासाठी पाच वर्षांपर्यंत राखून ठेवता येतात. त्याला १९६१ च्या कायद्याखाली फॉर्म १० आणि विश्वस्तांचा ठराव लागतो. ठरावात "भविष्यातील विकासकामे" एवढंच लिहिणाऱ्या संस्था पुष्कळ. "मुलींच्या वसतिगृहाचा दुसरा मजला" असं लिहायला लावा, अपिलात तीच ओळ कामी येते. शाळेच्या खात्यातून उत्सवाचा मांडव घातलाय का, तेही बघा. ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालतो. हे विचारलं की अध्यक्षांना राग येतो, येऊ द्या.

पेन्शन फंडाची दुनिया निराळी. कंपनीचा सुपरअॅन्युएशन (कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा) ट्रस्ट चॅरिटीकडे नोंदवावा लागत नाही. लाभार्थी ठरलेले, म्हणून तो खासगी ट्रस्ट. १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम आणि प्राप्तिकराची मंजुरी यांवर तो चालतो. ट्रस्ट रद्द न करता येणारा असावा लागतो आणि फंडातला पैसा कंपनीकडे परत जाता कामा नये. कारखाना बंद पडायला आला की मालकाची नजर पहिली याच पैशावर जाते. विश्वस्त त्याचेच अधिकारी, त्यांना साहेबांपुढे बोलायची चोरी. अशा वेळी "आमचे वकील नाही म्हणतात" हे वाक्य त्यांना हवं असतं, आणि फी बरीचशी त्याचीच मिळते. २०२० च्या वित्त कायद्यापासून पीएफ, एनपीएस आणि सुपरअॅन्युएशन मिळून मालकाचा वाटा वर्षाला साडेसात लाखांवर गेला की वरची रक्कम कर्मचाऱ्याच्या हातात करपात्र होते. त्यामुळे बड्या पगाराचे अधिकारीही हल्ली स्वतःहून डीड वाचायला मागतात.

सुरुवात करणाऱ्यानं पहिली दोन वर्षं चॅरिटीत प्रॅक्टिस करणाऱ्या सीनियरकडे काढावीत, मोठ्या टॅक्स फर्मचा मोह नंतर. पैसे कमी मिळतील, तारखा फार पडतील. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या २०२५ च्या प्राप्तिकर कायद्यात ना-नफा संस्थांच्या तरतुदी एकत्र आणल्या आहेत, पण जुन्या वर्षांचे वाद १९६१ च्याच कायद्यानं चालतील. दोन्ही टेबलावर ठेवा. आणि मराठी टायपिंग शिका, मोडकंतोडकं नव्हे, नीट. संस्थेच्या घटनादुरुस्तीचा मसुदा मराठीतच मागतात आणि तो लिहून देणारे वकील फार थोडे आहेत.