जंगलमालकाकडे वाट मागायला जाताय? आधी या चुका टाळा

खासगी जंगलांच्या मालकांना भेटून "लोकांना तुमच्या रानात फिरू द्या" असं विनवायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि नवीन उत्साही मंडळी दरवेळी त्याच चुका करतात, याचा आता खरंच वैताग आलाय, कारण एकदा बिनसलेला मालक परत कोणालाच दारात उभं करत नाही.

पहिली चूक म्हणजे पैशाचं आमिष. "तिकीट लावा, तुम्हालाही चार पैसे सुटतील" हे वाक्य कोणी मालकासमोर बोललं की मला धडकीच भरते. मालकाला सगळ्यात मोठी भीती कसली, तर कोणी घसरून पाय मोडला तर केस माझ्यावर. अमेरिकेत यावर तोड काढलीय, १९६५ मध्ये एक नमुना कायदा तयार झाला आणि आज तिथे सगळ्या राज्यांत या प्रकारचा कायदा आहे, फुकट फिरू दिलं तर साध्या अपघाताची जबाबदारी सहसा मालकावर येत नाही, पण प्रवेशाचे पैसे घेतले की बहुतेक ठिकाणी हे संरक्षण जातं! म्हणजे तुम्ही फायदा सांगायला गेलात आणि त्याचं छत्रच काढून घेतलंत. त्यापेक्षा कराकडे बघा. अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्यात करंट यूज योजनेतली (म्हणजे बाजारभावावर नाही, तर सध्याच्या वापरावर कर लागणारी) जमीन वर्षभर सगळ्यांना फुकट खुली ठेवली तर तिच्या करासाठीच्या मूल्यात २० टक्के सूट मिळते, विस्कॉन्सिन राज्याच्या जंगल योजनेत लोकांना बंद ठेवलेल्या जमिनीवर कर जास्त लागतो. मी कोणाकडे जायच्या आधी तिथला कायदा स्वतः वाचतो आणि न समजलेलं वकिलाला विचारतो, नेटवरचा सारांश वाचून जाणाऱ्यांचं मला काही पटत नाही.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागलेली आहे. एका वयस्कर मालकांनी तिसऱ्या भेटीत होकार दिला होता, ओढ्यापासून टेकडीपर्यंत एकच वाट, फक्त पायी, लाकूडतोड चालू असेल तेव्हा बंद. आमच्यातल्या एका नवीन मुलाने त्याच रात्री वाटेचा जीपीएस ट्रॅक भटक्यांच्या एका ॲपवर टाकला, अटी काहीच लिहिल्या नाहीत, वर "सायकलला मस्त" असंही लिहिलं. काही आठवड्यांतच सायकलवाले यायला लागले. वळणावर शॉर्टकट मारायचे आणि तिथेच मालकांनी लावलेली गुडघ्याएवढी रोपं होती. त्यांनी मला बोलावून घेतलं, एक शब्द रागाचा नाही, खाली बसून एक मोडलेलं रोप बोटांनी सरळ धरलं, सोडलं की ते परत आडवं. म्हणाले, "मी तुम्हाला हो म्हणालो होतो, यांना नाही." दुसऱ्या दिवशी फाटकाला साखळी, ती आजही आहे. मी अजून वर्षातून एकदा त्यांच्याकडे जातो, वाटेचा विषय काढत नाही.

मालकाला भीती असते की एकदा दिलेली वाट परत घेता येणार नाही, आणि ती भीती पोकळ नाही. इंग्लंड-वेल्समध्ये लोक २० वर्षं हक्काने, म्हणजे परवानगी न घेता, उघडपणे आणि अडवणूक न होता एखादी वाट वापरत राहिले तर ती सार्वजनिक ठरू शकते, त्यामुळे तिथले मालक आधीच कौन्सिलकडे कागद दाखल करून ठेवतात. म्हणून फाटकाची किल्ली मालकाच्याच हातात राहू द्या, वाट बंद करणं जितकं सोपं तितका होकार टिकतो हा माझा अनुभव आहे. मी पहिल्या दोन भेटींत काही मागतच नाही, नुसता त्यांच्याबरोबर फिरतो, तिसऱ्या वेळी कागदी नकाशावर पेन्सिल त्यांच्या हातात देतो, वाट त्यांनी आखायची. पहिली परवानगी एकाच सीझनची. बोर्डवर "मालकाच्या परवानगीने" लिहायचं आणि फोन नंबर माझा द्यायचा, त्यांचा नाही. ॲपवर काय जाणार ते आधी त्यांना दाखवायचं. हे सगळं एका वीकेंडमध्ये उरकत नाही, घाई असेल तर कृपया हे काम घेऊच नका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. स्वीडन, फिनलंडमधल्या सर्वांच्या हक्काचं किंवा स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याचं उदाहरण मालकाला देऊ नका, तिथे मालकाला न विचारताही खासगी रानात फिरता येतं, त्याला ती धमकीच वाटते. पहिल्याच भेटीत आठ पानी करार काढू नका. जमीन भावंडांच्या नावावर असेल तर सगळ्यांना भेटा, एकाचा होकार पुरत नाही. गाड्या कुठे लागणार आणि कुत्री मोकळी सोडायची का, हे आधीच ठरवा. आणि सीझन संपला की कात्री-करवत घेऊन जा, वाटेवर पडलेल्या फांद्या बाजूला करा, कचरा उचला आणि जे काही मोडलंय ते मालकाला दिसायच्या आत तुम्हीच जाऊन सांगा.