मे महिन्यात भरल्या घरात वर्षाचं धान्य कसं भरावं

मुलांना सुट्टी लागलेली, माहेरवाशिणी आलेल्या, भाचरं दिवसभर गच्चीवर, पलंगाखाली आंब्याच्या पेट्या. नेमकं याच महिन्यात वर्षाचं धान्यही भरायचं असतं. गहू मार्च-एप्रिलमध्ये निघतो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात असतो आणि वळीव तर त्याच्याही आधी गाठतो. उन्हाळ्यात घर आवरलेलं राहावं म्हणून कपाटात डबे कसे रचावेत, हे सांगणारे खूप भेटतात. पण भरल्या घराची घडी विस्कटते ती धान्यामुळे, आणि हे काम कपाटात नाही, जमिनीवर अडतं. कसं ते पुढे येईलच.

आधी तारखा लावा

कॅलेंडर घ्या, कोण कधी येणार आणि कधी जाणार ते लिहा, आणि मधल्या मोकळ्या रात्री धान्यासाठी राखून ठेवा. दिवस नाही, रात्री. दिवसा गच्चीवर जागा मिळतेच. पण वाळलेलं धान्य गार होण्यासाठी रात्री घरात पसरावं लागतं, आणि पाहुण्यांची अंथरुणंही त्याच हॉलमध्ये पडतात.

५० किलोचा एक कट्टा बोटाच्या दोन पेरांपेक्षा कमी जाडीने पसरला, तर साधारण पाच फूट बाय पाच फूट जागा व्यापतो. तेव्हा रात्री जितके कट्टे घरात पसरता येतील, तितकेच सकाळी गच्चीवर न्यायचे. दोन क्विंटल गहू एकाच दिवशी वर चढवू नका, गच्ची कितीही मोठी असली तरी.

निवडणं आणि कोठ्या

निवडून-पाखडून घ्या. कोठ्या धुऊन कडक उन्हात उलट्या-सुलट्या वाळवा. मागच्या वर्षीचा तळाशी उरलेला गहू नव्यात मिसळू नका, तो आधी दळून संपवा.

ऊन देणं

गहू लोकवन जातीचा असो वा सिहोर, दोन-तीन कडक उन्हं पुरतात. तासातासाने हात फिरवायला आणि कबुतरं हाकायला सुट्टीतली मुलं उत्तम. पाय धुऊन बसवा, पाळ्या लावून द्या, डोक्यावर टोपी घाला आणि बारा ते तीन त्यांना खाली बोलवा. दाणा दाताखाली कट्‌ आवाज करून तुटला की गहू वाळला; चेपला किंवा लवला तर अजून एक ऊन. तांदूळ मात्र उन्हात टाकू नका, दाणा तडकतो आणि शिजताना त्याच्या कण्या होतात. तूरडाळीला एक ऊन द्या, गार झाली की किलोला एक छोटा चमचा एरंडेल चोळा. ज्वारीला कीड लवकर लागते, म्हणून ती दिवाळीपर्यंत पुरेल एवढीच घ्या.

गार करणं

खरी मेख इथे आहे. मला हाच टप्पा सगळ्यात उशिरा जमला, आणि सगळ्यात चुकीचे सल्लेही इथेच मिळतात.

“गरम गरमच भरा, किडे आतच मरतात,” असं ठामपणे सांगणारी माणसं प्रत्येक घरात असतात. ऐकू नका. टोक्याची, म्हणजे धान्यातल्या सोंडकिड्याची, मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते, म्हणून वरून स्वच्छ दिसणाऱ्या गव्हातून महिन्या-दीड महिन्याने टोके बाहेर येतात. अशा किडीला जगायला ओलावा लागतो. गरम गहू हवाबंद कोठीत भरला की दाण्यांतली वाफ वर चढते, थंड झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि वरच्या थरात झिरपतं. तीन उन्हं देऊन घालवलेला ओलावा तुम्ही एका रात्रीत परत कोठीत घालता. आधी बुरशीचा वास येतो, मग गुठळ्या, मग किडे. विश्वास बसत नसेल तर उन्हातला मूठभर गहू काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवा आणि रात्री बरणीची आतली बाजू बघा.

दुसरी चूक याच्या उलट. गार होऊ दे म्हणून धान्य रात्रभर गच्चीवरच सोडतात. मुंबई-कोकणात रात्रीची हवा इतकी दमट असते की दाणा पहाटेपर्यंत पुन्हा मऊ पडतो. देशावरही वळिवाचा भरवसा नाही. ऊन उतरायच्या आत, चार-साडेचारला धान्य खाली आणा. हॉलमध्ये जुन्या सुती चादरीवर पातळ पसरा आणि पंखा लावा. कूलर अजिबात नको, तो हवेत पाणीच सोडतो. झोपताना वर दुसरी सुती चादर टाका. सकाळी सगळं एकत्र ढिगात ओढा आणि ढिगात कोपरापर्यंत हात खुपसा. मधला गहू हाताला जरासुद्धा उबदार लागला तर भरू नका. वरून गार वाटतो म्हणून फसायचं नाही, ढिगाच्या पोटात ऊब बराच वेळ राहते.

औषधं

कडुनिंबाचा पाला घाला, पण सावलीत खडखडीत वाळवलेला. हिरवा पाला म्हणजे पुन्हा पाणीच. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या खायच्या धान्यात नकोत. धुरी देणाऱ्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घराच्या उंबऱ्याच्या आत आणू नका. हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावतात. मुलाबाळांनी भरलेल्या घरात हा धोका पत्करायचं काही कारण नाही.

भरणं

कोठी काठोकाठ भरा, वर कोरडा कागद आणि घट्ट झाकण. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा; पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीजवळ तर नकोच. झाकणावर कोणता गहू आणि कधी भरला ते लिहून चिकटवा.

रोजच्या दळणासाठी महिन्याचा वेगळा डबा करा. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या दिवशी, कोरड्या हातांनी आणि कोरड्या मापाने. पाऊस कोसळत असताना दळण संपलं तर शेजारून उसनं आणा, कोठीला हात लावू नका.

एवढं करूनही श्रावणात टोके दिसले तर घाबरून सगळी कोठी उपसू नका. वरचा चार-पाच किलोचा थर काढा, चाळा, पिशव्यांत बांधून चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा आणि आधी तोच दळायला द्या. खालचा गहू ऊन पडेल त्या दिवशी तपासा.