पोर्टेबल इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेताय? पॅड मोजू नका, आधी पायाचं बघा

ऑनलाइन "पोर्टेबल ड्रम किट" असं सर्च केलं की एकाच पानावर रबराची गुंडाळी होणारी स्वस्तातली चटई पण दिसते आणि तिच्या कित्येक पट महाग ऑक्टापॅड (आठ पॅडचं एकच सपाट मशीन) पण, आणि दोन्हीच्या खाली "बिगिनर्ससाठी बेस्ट" लिहिलेलं असतं. मग माणूस पॅड किती, आवाज किती, डेमो साँग किती हे मोजायला लागतो. आवाज ५०० असोत की ७००, तुम्ही वाजवणार त्यातले वीस-पंचवीस. खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी, ते किट उचलून कुठे नेणार आणि तुमचे पाय काय करणार.

पायाचं आधी सांगतो कारण तिथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. ड्रम शिकायचा म्हणजे उजव्या पायाने किक (खालचा मोठा ड्रम), डाव्याने हाय-हॅट (पेडलने उघडबंद होणारी झांजांची जोडी) आणि वर दोन हात, हे चार जण वेगवेगळं बोलायला लागले पाहिजेत. गुंडाळीच्या किटमध्ये जी पेडलं येतात ती साध्या बटणासारखी असतात, हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच, शिवाय गुळगुळीत फरशीवर ती पुढे पळतात. बऱ्याच स्वस्त चटयांचे पॅडसुद्धा तसेच, हलका टोला आणि जोराचा टोला यात फरकच नाही. सहा-सात वर्षांच्या पोराला गंमत म्हणून द्यायचं असेल तर चालेल, पण क्लास लावलाय आणि घरी प्रॅक्टिसला काहीतरी हवंय म्हणून हे घेणार असाल तर त्यापेक्षा एक साधा प्रॅक्टिस पॅड आणि चांगल्या काठ्या घ्या, हात तरी सुधारेल.

त्याच्या वरची पायरी म्हणजे टेबलटॉप किट. यामाहा डीडी-७५ हे त्यातलं ओळखीचं नाव, ८ पॅड, दोन पेडल, आत स्पीकर, वजन चार किलोच्या आसपास, आणि ॲडॅप्टर नसेल तर सी साइजच्या ६ सेलवर चालतं. अलेसिसचं कॉम्पॅक्टकिट ७ पण याच जातीचं. पॅडवर जोर कळतो, डीडी-७५ मध्ये काठी बाजूला ठेवून हाताने वाजवायचा मोड पण आहे, त्यामुळे घरच्या भजनाला किंवा सोसायटीच्या गॅदरिंगला मस्त काम होतं. लाइट गेली तरी चालू राहतं, फक्त सी साइजचे सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असं नाही, आधीच आणून ठेवा. पेडल मात्र इथेही साधीच, पण डीडी-७५ ला यामाहाचं केयू-१०० हे किक पेडल वेगळं घेऊन लावता येतं, म्हणून नंतर वाढवायला जागा राहते. हे किट मांडीवर घेऊन वाजवू नका, टेबल हलत असेल तर तेही नको, सरळ स्नेअर (मधला छोटा ड्रम) ठेवायच्या स्टँडवर बसतंय का ते बघा.

आता ऑक्टापॅड. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा असो, लग्नाची संगीत संध्या असो की गणपतीतला कार्यक्रम, स्टेजच्या एका कोपऱ्यात तो असतोच. रोलँडने १९८५ साली पहिला काढला तेव्हा त्याच्यात स्वतःचा आवाजच नव्हता, दुसऱ्या मशीनला मिडीने (इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायची सोय) जोडून वाजवायचा. आता एसपीडी-३० सारख्या मॉडेलात सगळं आतच असतं, ढोलक, तबला, घुंगरू, इफेक्ट, आणि मागे किक नि हाय-हॅटचं पेडल लावायची सोय. इथे एक लक्षात घ्या, पेडल, स्टँड आणि स्टँडला अडकवायचा क्लॅम्प बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो, आत स्पीकर नसतो, सेलवर चालत नाही. म्हणजे किंमत विचारताना "हे घरी नेऊन आज संध्याकाळी वाजवायला अजून काय काय लागेल" असा प्रश्न विचारा, दुकानदार खरा आकडा तेव्हाच सांगतो. स्वतःचे सॅम्पल म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज टाकायचे असतील, कुठल्या गाण्याची सुरुवात, टाळ्या वगैरे, तर एसपीडी-एसएक्स सारखं सॅम्पलिंग पॅड वेगळं येतं, ते आणि साधा ऑक्टापॅड एकच समजू नका.

लावणीची ढोलकी वाजवणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवतो, डाव्या पुडीवर हात दाबत जो घुमारा निघतो तो पॅडवर तसा निघत नाही. पॅडमध्ये ढोलकीचे बोल असतात, ठोका सुटा येतो, पण बोटाखाली स्वर वाकत नाही. साथीला चालतं, मुख्य ढोलकी म्हणून नाही.

चौथा प्रकार म्हणजे घडी होणारं रॅकवालं, म्हणजे पाइपच्या सांगाड्यावर पॅड लावलेलं किट, अलेसिस नायट्रो मेश वगैरे. ड्रम शिकणाऱ्यासाठी माझं मत याच्याच बाजूने, कारण पॅड खऱ्या ड्रमसेटच्या जागेवर असतात आणि किकला खरं पेडल असतं. पण पोर्टेबल म्हणजे रिक्षात किंवा कारच्या डिकीत जाईल एवढंच, बाइकवर किंवा लोकलमध्ये नाही. दर रविवारी उघडबंद करणार असाल तर रॅकच्या पाइपवर क्लॅम्पच्या जागी रंगीत टेप लावून ठेवा आणि वायरींना नावं चिकटवा, नाहीतर स्नेअर मारला की झांज वाजते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. मेश म्हणजे जाळीचा पॅड रबरापेक्षा कमी आवाज करतो हे खरं, पण फ्लॅटमध्ये भांडण होतं ते काठीच्या टकटकीने नाही, किकच्या धक्क्याने, तो फरशीतून थेट खालच्या घरात उतरतो. योगा मॅट टाकून किट सरकायचं थांबतं, धक्का फारसा थांबत नाही. दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिस बॉल बसवून त्यावर किट ठेवायचा जुगाड जगभर करतात आणि तो खरंच उपयोगी आहे. नाहीतर रोलँड केटी-१० सारखं शांत किक पेडल बघा.

दुकानात जाताना स्वतःच्या काठ्या आणि वायरवाला हेडफोन घेऊन जा. ब्लूटूथ हेडफोन ड्रमला जोडायचा विचार सोडा, मारल्यावर आवाज इतका उशिरा येतो की लय धरताच येत नाही. किटवर "ब्लूटूथ" लिहिलेलं असतं ते बहुतेक फोनमधलं गाणं किटमध्ये आणण्यासाठी, तुमचा हेडफोन जोडण्यासाठी नाही. तिथे डेमो साँग लावू देऊ नका, त्याने काहीच कळत नाही. एका पॅडवर अगदी हळू सुरुवात करून हळूहळू जोर वाढवत न्या, आवाज पायऱ्या पायऱ्यांनी उड्या मारतो की सरळ चढतो ते ऐका. मग पॅडच्या कडेला मारा, बरेच पॅड मध्ये छान आणि कडेला मेलेले असतात. मग एका पॅडवर जोरात मारून बघा शेजारचा आपोआप वाजतो का, आणि एकाच टोल्याला दोन आवाज येतात का. हे दोन्ही दोष काही किटमध्ये सेटिंगने कमी होतात, पण ते सेटिंग त्या किटमध्ये आहे का हे तिथेच दाखवायला सांगा. हाय-हॅटचं पेडल अर्धवट दाबून अर्धा उघडा आवाज येतो का तेही बघा, स्वस्तात फक्त उघडा नाहीतर बंद एवढंच असतं.

सेकंडहँड ऑक्टापॅड घ्यायला हरकत नाही, बरेच कलाकार मॉडेल बदलतात तेव्हा विकतात. पण मागच्या आउटपुटमध्ये वायर घालून हलवून बघा, खरखर आली तर किंमत पाडा किंवा सोडा. आणि ॲडॅप्टर ओरिजिनल आहे का विचाराच. रोलँडच्या ९ व्होल्टच्या ॲडॅप्टरची पिन मध्यभागी निगेटिव्ह असते, यामाहाच्या १२ व्होल्टच्याची मध्यभागी पॉझिटिव्ह, पिन दिसायला सारखी वाटली म्हणून एकाचा दुसऱ्याला लावला तर मशीन जाऊ शकतं. गावाकडे जनरेटरवर कार्यक्रम करणाऱ्यांनी एक जादा ॲडॅप्टर आणि चांगला एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत ठेवावाच.

बजेट ठरवताना पूर्ण रक्कम किटवर घालू नका. स्टँड, पेडल, हेडफोन, जाड बॅग आणि मिक्सरपर्यंत जाणाऱ्या दोन चांगल्या वायरी यासाठी बाजूला काढून जे उरेल त्यात किट बघा.