नकाशाच्या सॉफ्टवेअरमधील क्वेरीसाठी योग्य संदर्भ कसा शोधावा

क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वेरी (हव्या त्या नोंदी निवडण्यासाठी लिहिलेली ओळ) अडली, की बरेच जण इंटरनेटवर सापडलेली ओळ जशीच्या तशी चिकटवतात. पण ती भलत्याच डेटाबेससाठी लिहिलेली असू शकते. म्हणून संदर्भ शोधण्याआधी आपली क्वेरी वाचणार कोण, हे पाहावे. लेयरवर (नकाशावरील माहितीच्या थरावर) राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘इन्फर्मेशन’ उघडले, की माहितीचा प्रकार कळतो. फिल्टरच्या खिडकीत जिओपॅकेज या प्रकारच्या फाइलसाठी एसक्यूलाइटची, पोस्टजीआयएस डेटाबेससाठी पोस्टग्रेस्क्यूएलची, तर शेपफाइल या प्रकारच्या फाइलसाठी ओजीआर एसक्यूएलची भाषा चालते. ‘सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन’मध्ये मात्र क्यूजीआयएसची स्वतःची भाषा लागते.

हा फरक किरकोळ नाही. तालुक्याच्या रकान्यात गोव्यातील सासष्टीचे नाव रोमन लिपीत, पहिले अक्षर मोठे करून लिहिलेले आहे आणि आपण ‘लाइक’ (जुळणारा मजकूर शोधणारा शब्द) वापरून ते सगळे लहान अक्षरांत शोधले, असे समजा. एसक्यूलाइट एरवी रोमन अक्षरांत लहान-मोठा भेद करीत नाही, त्यामुळे नोंदी मिळतील. पोस्टग्रेस्क्यूएल तो भेद करते, त्यामुळे एकही मिळणार नाही आणि चुकीची सूचनाही येणार नाही. तेथे ‘आयलाइक’ वापरावे लागते.

क्यूजीआयएसच्या एक्स्प्रेशनसाठी बाहेर जावे लागत नाही. एक्स्प्रेशनच्या खिडकीत मधल्या यादीतील फंक्शनवर क्लिक केले, की उजवीकडे त्याची रचना आणि उदाहरणे दिसतात, तीही नेट नसताना. रकाना निवडून ‘ऑल युनिक’ दाबल्यास नावांची स्पेलिंगे प्रत्यक्ष कशी नोंदली आहेत, तेही कळते. हे आधीच पाहून घ्यावे.

पोस्टजीआयएससाठी त्याची अधिकृत नियमपुस्तिकाच उघडावी, आणि तीही आपल्या आवृत्तीची. फंक्शनचे पान वाचताना एककाकडे विशेष लक्ष द्यावे. गोव्यातील सत्तरी तालुक्यात म्हादई नदीपासून २ किलोमीटरच्या आतील शाळा ‘एसटी-डीविदिन’ या ठरावीक अंतराच्या आतील गोष्टी शोधणाऱ्या फंक्शनने शोधायच्या आहेत आणि नदीचा व शाळांचा असे दोन्ही लेयर ईपीएसजी ४३२६ मध्ये (अंशांत मोजणाऱ्या अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीत) जिऑमेट्री या प्रकारात साठवलेले आहेत, तर २००० हा आकडा मीटर नव्हे, अंश समजला जातो आणि सगळ्याच शाळा निवडल्या जातात. गोवा यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ उत्तर विभागात येतो. म्हणून लेयर आधी त्या विभागाच्या ईपीएसजी ३२६४३ मध्ये रूपांतरित करावेत. मग नदीपासूनचे अंतर आपल्याला ठाऊक असलेल्या दोन शाळांवर, एक हद्दीच्या आतली आणि एक बाहेरची, क्वेरी तपासावी आणि त्यानंतरच ती सगळ्या तालुक्यावर चालवावी.